आनंदाचं पाचवं रहस्य

१ ऑक्टोबर, रविवार

मला न विचारता माझं नाव घातलं! चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर!

खालच्या मजल्यावरच्या टेलरीणबाईचं हे काम. ती जिवंत जपमाळेची प्रमुख. वीस माणसं, वीस रहस्यं. येशूच्या नि मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग एकेकाने घ्यायचा आणि महिनाभर रोज त्यावर मन ठेवून दहा मणी जपायचे. वीस जणांची मिळून रोज एक अख्खी माळ होते. एकाने चुकवलं की माळ तुटली. विसावी बाई गेल्या महिन्यात वारली. मग तिच्या जागी कोण सापडलं? मी!

"तुम्हाला काय, रिकाम्याच असता," म्हणाली. रिकामी! एकतीस वर्षं बसस्थानकाच्या हरवले-सापडले खिडकीत बसले, तेव्हा कुणाची टाप नव्हती मला रिकामी म्हणायची.

कापडी पिशवीतून चिठ्ठी काढायची. मी काढली – आनंदाचं पाचवं रहस्य. हरवलेला बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो.

"वा, अगदी तुमच्या खात्यातलं!" फादर म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

दहा मणी. चार मिनिटं. मन कुठे लागलं नाही, गुडघे तेवढे दुखले.

संध्याकाळी भाचीचा, ताईच्या मुलीचा, फोन. "मावशी, आईला माझ्याकडे घेऊन चाललेय. कायमची. एकोणतीसला निघतोय, घर विकलं. त्याआधी एकदा येऊन जा ना. ती म्हणत नाही, पण वाट बघते."

म्हणत नाही ना? मग झालं.

४ ऑक्टोबर, बुधवार

शुभवर्तमान उघडून तो प्रसंग नीट वाचला. शाळेत सिस्टरांनी छडी घेऊन पाठ करून घेतला होता. पण पाठ केलेलं आपण कधी वाचत नाही.

तर हकिकत अशी. सणाला गावचे सगळे शहरात गेले. सण संपला, सगळे परत निघाले. एक दिवस चालून झाल्यावर आईबापांच्या लक्षात आलं – मुलगा नाही! एक अख्खा दिवस! अहो, छत्री विसरलेला माणूससुद्धा पुढच्या स्टॉपवर उतरून धावत येतो. अशी आई माझ्या खिडकीशी आली असती तर तिला अर्ज नंतर दिला असता, चार शब्द आधी दिले असते.

आणि याला म्हणायचं आनंदाचं रहस्य!

५ ऑक्टोबर, गुरुवार

टेलरीणबाईला विचारलंच. तिने तोंडातल्या टाचण्या न काढता उत्तर दिलं. "बायका पुढे चालत असतील, पुरुष मागे. बारा वर्षांचं पोर म्हणजे ना बायकांतलं ना बाप्यांतलं. तिला वाटलं त्याच्याबरोबर, त्याला वाटलं तिच्याबरोबर."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं कुठे नाही. पण दोन पोरं वाढवलीत मी."

पटलं. दोघांनी मिळून सांभाळायची वस्तू हमखास हरवते. रजिस्टरात अशा शेकड्यांनी नोंदी होत्या.

पण माझ्या वेळी दोघं नव्हते. एकटी ताईच होती.

७ ऑक्टोबर, शनिवार

आज मणी ओढताना सारखा कॉन्व्हेंटचा तो बाक डोळ्यांपुढे. लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मी अकरा वर्षांची, बोर्डिंगमध्ये. ताई सतरा. आई जाऊन दोन वर्षं झालेली. सुट्टी लागली त्या रविवारी बाबांचं दुसरं लग्न होतं. आदल्या दिवशी ताई शहरात खरेदीला येणार आणि जाताना मला घेऊन जाणार, असं ठरलेलं. सगळ्या मुली गेल्या. मी बैठकीच्या खोलीत बाकावर बसून राहिले. ताई घरी पोचली – सगळ्या पिशव्या घेऊन, बहीण सोडून! "विसरले," म्हणाली. विसरले! मंगळवारी बाबा न्यायला आले. तीन दिवस मी दारावरच्या सिस्टरांबरोबर काढले. बाबांचं लग्न माझ्याविना उरकलं.

त्यानंतर सत्तावन्न वर्षं मी हे विसरले नाही आणि तिलाही विसरू दिलं नाही. तिच्या लग्नात मीच म्हटलं, "ताई, निघताना नवरा बरोबर घेतलास ना?" सगळे पोट धरून हसले, तीही हसली. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेले, मला निरोप उशिरा मिळाला. त्या भरल्या घरात मी म्हटलं, "माणसं विसरायची तुझी जुनीच खोड आहे." तेव्हा कुणी हसलं नाही. ताईने फक्त मान खाली घातली. तेव्हापासून तिचा फोन नाही, माझाही नाही.

मी खोटं काय बोलले?

१० ऑक्टोबर, मंगळवार

फादर बाहेर कुंड्यांना पाणी घालताना सापडले. तीन प्रश्न लिहूनच नेले होते. सापडेपर्यंतचे तीन दिवस तो पोरगा जेवला काय? झोपला कुठे? आणि मंदिरात ज्यांच्यात बसलेला सापडला, त्या एवढ्या पंडितांपैकी एकानेही विचारलं नाही का – बाळा, तू कुणाचा?

फादरांनी झारी खाली ठेवली. "बाई, तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही."

"मग लोक काय विचारतात?"

"रविवारची मिस्सा किती वाजता आहे!"

नंतर मात्र म्हणाले, "तुम्ही आईबापांना धारेवर धरलंत, पंडितांना धरलंत. मुलाला काही विचारलंत का?"

मुलाला काय विचारायचं! हरवलेल्या छत्रीला कुणी विचारतं का?

११ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा वाचलं. या वेळी चष्मा पुसून.

तो हरवलाच नव्हता! सरळ लिहिलंय – तो मागे राहिला, आईबापांना ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं मी "हरवला, हरवला" करत होते. कुणी कुणाला विसरलं नाही. साहेब स्वतःच राहिले!

आणि आई रडवेली होऊन विचारते, असं का केलंस, तर उलट तिलाच म्हणतो, मला शोधत कशाला होतात? माझ्या घरात असता तर कानशील लाल झालं असतं.

माझ्या रजिस्टरात तीन रकाने होते. हरवलेलं, विसरलेलं, मुद्दाम सोडलेलं. तिसरा रकाना आमच्या डेपोच्या साहेबांना माहीत नव्हता, तो मी पेन्सिलीने आखला होता. एका बाईने लग्नातला फोटो फ्रेमसकट सीटवर ठेवला आणि उतरून गेली, पत्ता शोधून बोलावलं तर म्हणाली, "माझा नाही." फोटोत तीच होती! अशा गोष्टी मी ओळखायची. पण स्वतःहून मागे राहिलेलं? त्याला रकाना नव्हता. वस्तूंना पाय नसतात.

१४ ऑक्टोबर, शनिवार

त्याला राहावंसं का वाटलं असेल? शहाण्या लोकांशी बोलायला, असं फादर सांगतात. असेल. पण घरी जावंसं का वाटलं नसेल, हे कुणीच विचारत नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार

गंमत म्हणून आमचा जुना अर्ज भरून पाहिला. हरवलेली वस्तू – मी. प्रश्न तोंडपाठ आहेत.

वस्तू शेवटची कुठे होती? बैठकीच्या खोलीत, बाकावर.
सोबत काय होतं? ट्रंक.

इथे पेन थांबलं.

मंगळवारी बाबा आले तेव्हा दारावरच्या सिस्टर नि मी वर गेलो. ट्रंक माझ्या पलंगाखालून ओढून काढली. सिस्टर माझे फ्रॉक घड्या न घालता आत कोंबत होत्या, पुटपुटत होत्या. हे अगदी स्वच्छ आठवतंय – माझा एक मोजा सापडत नव्हता.

घरी जायला बाकावर बसलेल्या मुलीची ट्रंक तीन दिवसांनी पलंगाखाली, तीही रिकामी? खिडकीशी कुणी असा जबाब दिला असता तर मी अर्ज परत सरकवला असता. "खरं काय ते सांगा, मागे रांग आहे."

१८ ऑक्टोबर, बुधवार

माळ केली नाही. एकोणीस जणांची माळ माझ्यामुळे तुटली. कुणाला सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पडदा होता. जांभळा, जाड, मेणाचा वास येणारा. चॅपेलच्या बाजूला सिस्टर जिथे फुलदाण्या ठेवत, तिथला. मी त्याच्या मागे होते. मला तो आतून आठवतोय, उजेडात दिसणारे धागे आठवतायत. बाकावर बसलेल्या मुलीला पडदा आतून कसा दिसेल?

सकाळी मी दारावरच्या सिस्टरांना सांगितलं होतं – मैत्रिणीच्या आईबरोबर जाते. आणि चॅपेलमध्ये जाऊन लपले. आईच्या खुर्चीत दुसरी कुणी बसलेली मला बघायची नव्हती. एवढंच. बाकावर मी बसले असेन, पण संध्याकाळी, सगळं सामसूम झाल्यावर.

कुणी मला विसरलं नव्हतं. मी राहिले होते.

सत्तावन्न वर्षं! आणि त्यात पहिली वेळ सोडली तर एकदाही मी मुद्दाम खोटं बोलले नाही, हीच तर कमाल. आधी घरच्यांना सांगितलं, मग सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं. असे लोक मी खिडकीतून पाहिलेत. हात वर करून शपथ घेतात – पाकीट चोरलं! आणि पाकीट घरच्या कोटात असतं. त्यांना मी काय काय बोललेय!

२० ऑक्टोबर, शुक्रवार

मग ताई "विसरले" का म्हणाली?

ती आलीच नसेल? की आली, आणि सिस्टरांनी सांगितलं, मुलगी गेली? तसं असतं तर घरी सरळ तेच सांगितलं असतं. "गेली म्हणाले हो बाबा, मी काय करू?" सुटली असती! स्वतःच्या अंगावर का घेतलं? सतरा वर्षांची मुलगी, बाबांचा स्वभाव तो असा. हे कोडं काही सुटत नाही. दहा मणी झाले, वर आणखी दहा झाले, तरी नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

भाचीचा पुन्हा फोन. "मावशी, सामान बांधून होतंय. येतेस का?"

"बघते," म्हटलं. कोणत्या तोंडाने जाऊ? माझं तोंड तर सगळ्यांना माहीत आहे.

२५ ऑक्टोबर, बुधवार

पत्र लिहायला घेतलं. "प्रिय ताई" आणि पुढे स्वल्पविराम. स्वल्पविराम छान आला. पुढे काही आलं नाही. फाडलं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

टेलरीणबाईकडे गेले, कबूल केलं – अठरा तारखेला माळ चुकवली. वाटलं, आता आकाशपाताळ एक करील.

तिने मशीन थांबवलीसुद्धा नाही. "मग? मी तर किती वेळा चुकवते. ऑर्डरी असल्या की होत नाही."

"आणि माळ तुटते त्याचं काय?"

"दुसऱ्या दिवशी वीस करायचे. देव काय तुमच्यासारखा खिडकी लावून बसलाय होय, पाचच्या ठोक्याला?"

खिडकीवरून मला असं आजवर कुणी बोललं नव्हतं. बोलायला हवं होतं.

उद्या सकाळची पहिली बस. तिकीट काढलं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

ताईच्या घरात खोकीच खोकी. बसायच्या आत दारातच म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी चॅपेलमध्ये लपले होते. पडद्यामागे."

"माहीत आहे की," ती म्हणाली. हातातला टॉवेल घडी करत होती, तो पूर्ण घडी केला. "सिस्टर म्हणाल्या, गेली. मला खरं वाटलं नाही, म्हणून चॅपेलमध्ये डोकावले. पडद्याखाली बूट दिसत होते. मग सिस्टरांना जाऊन म्हटलं, राहू द्या तिला मंगळवारपर्यंत."

"आणि बाबा?"

"एक थोबाडीत दिली. एवढं काय!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

तिने टॉवेल खोक्यात ठेवला. मग म्हणाली, "एका बुटाची लेस सुटली होती, बारके. वाकून बांधणारच होते. पण मग तुला कळलं असतं ना, मी पाहिलं ते."