पोखर्णीच्या वाटेवर चिकटलेला हॉर्न

तीर्थस्वरूप दाजींना,

पूर्णेहून बन्सीधरचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? अक्का गेल्यापासून तुम्ही स्वतःच भाकरी थापता असं कळलं. हात भाजून घेऊ नका.

लिहिण्याचं कारण असं, की आमचा योगीराज बदलीवर पुण्याला गेला आणि नवी मोटार अंगणात ठेवून गेला. शनिवारी मी आणि नर्मदा तिच्यातून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो. परभणी मागं पडली आणि रस्त्यात मेंढरं आडवी आली. हॉर्न दाबला. मेंढरं हटली, पण हॉर्न काही थांबेना! बटण सोडलं, चावी काढून खिशात घातली, तरी बोंब चालूच. मेंढरांचा मालक येडबा कानात बोटं घालून ओरडला, "मामा, पुरं करा की! सरकलो न्हवं आमी!" मी नुसते हात जोडले.

बॉनेट उघडलं. येलदरीची आपली जीप आठवते का? (होती वीजघराची, पण आपण तिला आपलीच म्हणायचो.) तिला फ्यूज मोजून चार. एक उडाला की तुम्ही सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचात आणि साहेबांना सांगायचात, "पार्ट हैदराबादहून मागवलाय." जीप जळली नाही हे आपलं नशीब. तोवर अक्का चहा टाकायची, लय गोड, तुम्हाला आवडायचा तसा. इथं मात्र डब्यात चाळीसेक फ्यूज, लाल, निळे, पिवळे, जत्रेतल्या गोळ्यांसारखे, आणि मधे काळे ठोकळे, म्हणजे रिले. फ्यूज स्वतः जळून वायर वाचवतो, आणि रिले बटणाचा हलका इशारा घेऊन मोठा करंट सोडतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. म्हणजे इशारा थांबला तरी हॉर्नचा रिले आतून चिकटून बसला होता, एवढं उमगलं. पण त्यातला हॉर्नचा कोणता?

मी अंदाजानं उपटत गेलो. आधी गाडीतलं घड्याळ गेलं, मग दिवा. हॉर्नला मात्र जास्तच चेव आला. शेवटी नर्मदानं खाली पडलेलं झाकण उचललं, चष्मा लावला आणि म्हणाली, "ह्याच्यावर चित्रं हायत की! ही बघा पिपाणी. हा ठोकळा काढा." काढला. एकदम शांतता. येडबासकट आम्ही तिघं इतकं हसलो, की मेंढरं माघारी बघायला लागली. मग नर्मदा म्हणाली, "वन्सं असत्या तर पोट धरून हसल्या असत्या."

पुढं पोखर्णीपर्यंत खिडकीतून मुंडकं काढून "सरका, सरका" मीच ओरडत गेलो. घसा अजून बसलेला आहे.

तर दाजी, दोन दिवस काढून या आणि हा डबा मला एकदा नीट समजावून द्या. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही.

आपला,
बन्सीधर

ता. क. : मेकॅनिकनं कालच नवा रिले बसवला. घड्याळ, दिवा, हॉर्न सगळं झकास चालू आहे.

ता. क. दुसरा : तरी या. नर्मदानं पुढची खोली झाडून खाट टाकली आहे. "दोन दिवसच म्हना, न्हाईतर ते यायचे न्हाईत," असं तिनं बजावलं होतं, म्हणून वर तसं लिहिलं. पण तुमच्याशी खोटं बोलणं मला शेवटपर्यंत जमत नाही. कपडे सगळेच घेऊन या.