यादीतली दुसरी ओळ

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या न्हावीमित्राकडून घेतला, त्याच्यावर रागावू नकोस. चार वेळा कच्चं लिहून हे पाचव्यांदा पक्कं करतोय, तेव्हा खाडाखोड दिसणार नाही. मी दमलोय, एवढं मात्र दिसेल.

तुझा लॅपटॉप अजून चालतो. तू गेलास तेव्हा तो सुरू व्हायला आठ मिनिटं घ्यायचा (घड्याळ लावून मोजलंय) आणि पासवर्ड तर तुझ्याबरोबरच गेला. छापखान्याचं टायपिंग मी घरी आणायला लागलो, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नवी सिस्टीम टाक आणि मोकळा हो. माझा हात धजेना. मग तीन रविवार वाचत बसलो, एकेक पायरी कागदावर उतरवली आणि डिस्कचे दोन भाग केले. एकात तुझी जुनी सिस्टीम जशीच्या तशी, दुसऱ्यात माझी नवी, फुकटातली. नववीत शाळा सोडलेल्याने हे केलं यावर दुरुस्तीवाल्याचा अजून विश्वास नाही. म्हणतो, कुणाकडून करून घेतलंस ते खरं सांग. आता बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. वरची माझी, खालची तुझी. दहा सेकंदांत बाण दाबून निवडलं नाही, तर गेल्या खेपेला जी उघडली होती तीच आपोआप उघडते. ही सोय माझीच, आणि तिनेच मला दोन महिने छळलं.

संध्याकाळी येऊन मी लॅपटॉप लावायचो, हातपाय धुऊन यायचो, तर तुझी बाजू उघडलेली. तुझा हसरा फोटो आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. आदल्या दिवशी मी तर माझ्या बाजूनेच बंद केलेला! तारखा लिहून ठेवल्या, पंचेचाळीस वेळा झालं. वाटलं, डिस्क विभागताना माझ्याच हातून काहीतरी चुकलंय आणि एक दिवस छापखान्याच्या कामासकट सगळं जाणार. मालक म्हणाले, लॅपटॉपचं राहू दे, आधी तूच बंद पडशील. त्यात माझा भागही भरत आला. शेवटी ठरवलं, तुझ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवायच्या आणि तुझा भाग पुसून टाकायचा. त्या माझ्या बाजूनेही दिसतात, त्याला पासवर्ड लागत नाही. पण एकही उघडलेली नाही, शपथ.

बाबांचे गुडघे आता पार गेले. नळांची कामं बंद, दिवसभर घरीच असतात. तुला आठवत असेलच, उचल तुझं ते खोकं आणि चालता हो, असं म्हणाले होते. तू चालता झालास, खोकं, म्हणजे हा लॅपटॉप, राहिलं. त्यानंतर तुझं नाव या घरात निघालेलं नाही. मीही काढलं नाही. तेव्हा दाराशी उभा होतो, तुझ्या बाजूने एक शब्द बोललो असतो तर बरं झालं असतं, हे मला रोज वाटतं.

गेल्या मंगळवारी छापखान्याचं यंत्र अडलं, म्हणून दुपारीच घरी आलो. बाबा लॅपटॉपसमोर बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट हवेत, पडद्यावर तुझा फोटो आणि ती रिकामी चौकट. मला बघून म्हणाले, काही नाही रे, चालतंय का बघत होतो. शेजारी त्यांची पाइपांची मापं लिहायची जुनी वही होती. ते उठून गेल्यावर मी ती पाहिली. रोजचं एक नवं पान, वर तारीख, खाली एकच शब्द, आणि त्यावर काट. दिवसाला एकच. जास्त वेळा चुकलं तर मशीन रागावेल, असं त्यांना वाटत असावं. आईचं नाव होतं. तुझ्या पहिल्या सायकलचा नंबर, आपला कुत्रा, तू ज्यांना घाबरायचास ते गणिताचे मास्तर. मीसुद्धा होतो, दोनदा, दुसऱ्यांदा लाडाच्या नावाने, कानामात्रा. इतकं सगळं त्यांच्या लक्षात आहे, हे मला माहीत नव्हतं. सगळी वही पाहिली, दादा. स्वतःचं नाव त्यांनी एकदाही लिहिलेलं नाही.

म्हणून हे पत्र. तुझा भाग मी पुसत नाही, माझंच काहीतरी कमी करीन. दहा सेकंदांची यादीही तशीच ठेवलीय. पासवर्ड मात्र मला कळवू नकोस. मी तो बाबांच्या हातात दिला, तर ते म्हणतील मला काय करायचंय, आणि वही मिटून ठेवतील. तू ये. काही बोलला नाहीस तरी चालेल. त्यांच्याशेजारी बस आणि त्यांच्यादेखत टाइप कर. वहीत अकरा पानं उरली आहेत, मी मोजली.

तुझाच,
कानामात्रा