जिन्यातलं बाक आणि वरचं सभागृह

गुरुवार, १६ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझं गुडघ्याचं दुखणं उतारावर असेल अशी आशा आहे. (नसलं तरी तळमजल्यावर राहणाऱ्याला काय फरक पडतो म्हणा.)

मंगळवारी, १४ तारखेला, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या अध्यक्षतेखाली आपल्या इमारतीच्या समितीची सभा सुरू झाली. पाच एक्कावन्नला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातलं बाक काढायचा ठराव मंजूर होऊन बाक गच्चीकडे निघालंसुद्धा. सहाच्या सुमारास मी दोन पिशव्या भाजी घेऊन तिथवर पोचले आणि सवयीने बसले. कशावर बसले ते समोरच्या दंतवैद्याने पाहिलं आहे.

अकरा मिनिटं, धाकट्या. एवढ्यात माझा चहा निवत नाही. मी विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात एकतीस वर्षं भाषणं उतरवून घेतली. दोन सभागृहं कशाला लागतात हे तू मला सांगू नकोस. खालचं सभागृह रागाच्या भरात कायदा करतं, वरचं तो जेवण झाल्यावर वाचतं. (निम्मे सदस्य वाचता वाचता झोपायचे, कबूल. पण झोपलेला माणूस कुणाचं बाक हलवत नाही.) आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर प्रत्येक निबंध दोनदा लिहायला लावायच्या. तू पालिकेच्या शाळेत गेलास, त्याचे परिणाम आता जिन्यात दिसतात.

म्हणूनच मी इथे ज्येष्ठांचं मंडळ काढलं होतं. समितीने ठरवायचं, आम्ही पाच जणांनी पुन्हा वाचायचं. गेल्या वर्षी तू ते मोडीत काढलंस. तेव्हा म्हणालास, "ताई, एकच सभा असली की कामं झटपट होतात." झालं ना झटपट. बोलणारेही तेच, हात वर करणारेही तेच; चुकलात तर सांगणार कोण, पायपुसणं? आणि बाक काढायचं कारण काय, तर जिना मोकळा दिसतो. जिना बघायला येतं कोण? मी चौथ्या मजल्यावर राहते, मधे दम खायला तेवढीच जागा होती. दोन दिवस मी घराबाहेर पडलेले नाही. खाली येऊन तुझ्याशी भांडले असते, पण परत वर कशी येऊ?

तेव्हा बाक जागेवर आणि मंडळ पूर्ववत, दोन्ही हवं.

तुझी,
ताई

ता. क. तुझी बायको दंतवैद्याला म्हणाली म्हणे, की लिफ्ट असती तर बाक लागलंच नसतं. समितीने सहा वर्षांपूर्वी लिफ्ट मंजूर केली होती, हे खरं. आमच्या मंडळाने ती तीनदा परत पाठवली, हेही खरं. (एकदा तर आत आरसा होता म्हणून. आरसा दिसला की माणसं लवकर बाहेर पडत नाहीत.) मंडळाची अध्यक्ष कोण होती, हा विषय आता उकरू नये.

आणखी एक. मंडळाची तशी घाई नाही. आधी तुझी ती अकरा मिनिटांची सभा घे आणि लिफ्टचं उरकून टाक. मंडळ मग बघू. उत्तर लेखी हवं, शनिवारी दुपारी बाराच्या आत, आणि तू स्वतः वर आणून द्यायचं. मधे बसायला काही नाही, हे लक्षात ठेवून निघ.

आरसा चालेल.