मुखरूकाकांनी पाहिलेली चार स्थळं

चामोर्शी, जि. चांदा
मंगळवार, ता. २० मे १९५८

सकाळी पाणी भरलं, आंगण झाडलं. ऊन फार म्हणून दुपारी धानाची गिरणी बंद ठेवली. भात आणि आंब्याचं लोणचं खाल्लं. आता लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप सौ. सुगंधाबाईस लटारूचा नमस्कार, भाऊजींनाही सांगावा. बाबांच्या तेरवीत उठबस करून तुझी कंबर धरली होती, ती सुटली का? लसणाचं तेल कोमट करून लावत जा. माझी प्रकृती बरी आहे. घर तू पाहून गेलीस तसंच आहे.

माझ्या पुढच्या शिक्षणाचं कुठवर आलं, असं तू विचारलंस. मी बी. कॉम. झाल्यावर व्यापार-व्यवस्थापनाची माहितीपत्रकं मागवली होती, ती बाबा उशाशी ठेवत. (इंग्रजी येत नव्हतं. इमारतींची चित्रं पाहत आणि कौलं नाहीत म्हणून हळहळत.) शेवटच्या आठवड्यात त्यांनी मुखरूकाकांकडून शब्द घेतला की, याला चांगल्या कॉलेजात पोचवीन. आता तुला ठाऊकच आहे, काकांनी जन्मभर सोयरिकी जुळवल्या. काम कोणतंही असो, त्यांची पद्धत तीच.

त्यांनी आधी मलाच पारखलं. मार्क किती, इंग्रजी बोलता येतं का, खर्च किती झेपेल. मग चार माहितीपत्रकं चटईवर मांडली. अमेरिकेचं एक, ते आपल्यापेक्षा वरचं घर. दिल्ली आणि कलकत्ता तोलामोलाची. नागपूरचं एम. कॉम. हाताशी असलेलं, कुठंच जमलं नाही तर. खरं सांगतो, बाई, मी दोन महिने डोकं खाजवून जे ठरवू शकलो नव्हतो ते त्यांनी पान खाता खाता ठरवलं. अमेरिकेचं कशाला, असं मी म्हणालो तर म्हणाले, “विचारून ठेवाचं. नाई म्हणाले तं काऊन इज्जत जाते? दूरचे लोक आहेत, इथी सांगाले येत नाईत.”

पण मग गाडी अडली. रीतीप्रमाणे पहिला शब्द पोरीवाल्यांनी टाकायचा. आपण कोण? काका म्हणाले, लटारू त्यांच्या घरी राहायला जाणार, म्हणजे आपण पोरीवाले. रुखमाआत्या सुपात तांदूळ पाखडत होती, तिला हे लागलं. “अवो, पदवी तं तो घरी घेऊन येऊन राह्यला नं? मंग आपण पोरावाले. त्यायनं विचारावं आपल्याले!” काकांना हे पटलं, कारण त्यात मान होता. तेव्हापासून आम्ही वाट पाहत बसलो. मी तेवढ्यात कलकत्त्याला गुपचूप एक अर्ज टाकला होता, बाकीचे काकांच्या खुंटीवर पिशवीत होते. (मी का बोललो नाही, असं तू म्हणशील. तू मला लहानपणापासून ओळखतेस.) अमेरिकेची मुदत गेली. दिल्लीचीही गेली. शेवटी बाबांचे दोस्त अयूबभाई कापडवाले म्हणाले, “मुखरूभाऊ, अशानं पोराची दाढी पिकंल. जुलैत कालेजं सुरू होतात.” तेव्हा कुठे आपण पुन्हा पोरीवाले झालो.

मग गेल्या आठवड्यात काका, अयूबभाई आणि मी नागपूरचं कॉलेज पाहायला गेलो. तुझ्याकडे आलो नाही म्हणून रागावू नकोस. सोयरिकीच्या कामात मधे दुसरीकडे पाहुणचार घेतला की काम फिसकटतं, असं काकांचं म्हणणं. कॉलेजात काकांनी आधी विहिरीचं पाणी चाखलं. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन (त्यांना प्राचार्य म्हणतात, हे मी वाटेत तीनदा सांगितलं होतं) नारळ टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तुमच्या घरून पोरं परत किती येतात?” मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. पण ते गृहस्थ भले. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की, पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा सोडून जातो, आणि पास झालेले पुष्कळ जण कारकून होतात. काका खूष. खोट लपवत नाही ते घर चांगलं. मग त्यांनी उलट विचारलं, “मुलाला पुढं काय करायचं आहे?” काकांनी अयूबभाईंकडे पाहिलं, अयूबभाईंनी माझ्याकडे. मी म्हणालो, विचार करून सांगतो. परतीच्या बसमध्ये काका गडचिरोलीपर्यंत पान चघळत बसले. मग म्हणाले, “दाखवाले बसवलेली पोरगीबी याच्यापेक्षा जास्त बोलते.”

घरी आलो तर कलकत्त्याचं पत्र येऊन पडलेलं. जूनमध्ये मुलाखतीला बोलावलं आहे. काकांनी गावभर सांगितलं की समोरून मागणी आली. आत्याने साखर वाटली. गिरणी काकांचा लच्छू चालवणार आहे. तेव्हा आता कलकत्ताच ठरलं असं समज. भाऊजींनी नागपूरहून गाडी किती वाजता सुटते तेवढं विचारून ठेवावं.

तुझा,
लटारू

ता. क. भाऊजींनी गाडीचं विचारू नये. वर लिहिताना धीर झाला नाही, पण मी कालच कलकत्त्याला नकार कळवला आणि नागपूरचा अर्ज भरून टपालात टाकला. कलकत्ता चांगलं आहे, काकांची पारख बरोबर आहे. पण बाबा गेल्यापासून कोणाशी दोन शब्द बोलायचे तर मला कुणाच्या तरी दारी जावं लागतं. कलकत्त्यात असं दार मला माहीत नाही. नागपुरात आहे. तुझ्या मागच्या पडवीत माझी सोय होईल का? नसेल तर तसं स्पष्ट लिही, मला वाईट वाटणार नाही. (वाटेल.)

आणखी एक. बाबांच्या कोंबड्या आत्या घेते म्हणते, पण लंगडी तिच्याकडे राहत नाही, दोनदा परत आली. ती बरोबर आणली तर चालेल का?

पुन्हा ता. क. काकांना यातलं काही कळवू नकोस. कलकत्त्यानेच नाही म्हटलं, असं मी सांगणार आहे. दूरचे लोक आहेत, इथे सांगायला येत नाहीत.

ऊन उतरलं. कोंबड्या डालायची वेळ झाली. बाकीच्या आपण होऊन टोपल्याखाली येतात, लंगडी मात्र बाबांनी घशातून आवाज काढल्याशिवाय येत नसे. मला तो अजून नीट जमत नाही. काढून पाहतो.