पाच सूत

हुमनाबाद,
१२ ऑगस्ट २००७

प्रिय नागराज,

तुझा नंबर तुझ्या आप्पांकडून घेतला आणि दोनदा लावलाही. तुझं ‘हॅलो’ ऐकलं की बंद केला. तोंडाने सांगायला गेलो तर मधलं काहीतरी मी गाळीन, म्हणून लिहितो आहे. पत्र शेवटपर्यंत वाच. वाचून फाडलंस तरी चालेल.

डाळमिलवाल्या सोमशेखर अण्णांची दोन सीटांची जुनी लाल स्पोर्ट्स कार मी पुन्हा खोलली आहे. तीन वर्षांपूर्वी जिची चासी, बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, तू ‘सरळ आहे’ म्हणालास आणि जिच्यापायी गुलबर्ग्यातल्या एकाही गॅरेजने तुला दारात उभं केलं नाही, तीच. आता तू पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या गेटवर ट्रकांचे नंबर लिहून घेतोस, असं आप्पा म्हणाले. पत्र्यातला पोचा ज्याच्या बोटांना न बघता कळायचा, तो गेटवर बसून नंबर लिहितो. 

आधी गाडीचं सांगतो. दाराखालची पट्टी तारेच्या ब्रशने घासायला घेतली तर ब्रश आत रुतला. अंगठ्याएवढा पुट्टीचा थर, आणि त्याच्या आत गोणपाट. खरंच गोणपाट! गंजका पत्रा कापून नवा लावायचा सोडून आपल्या गॅरेजच्या वीरण्णा मालकांनी डाळीची पोती फाडून, पुट्टीत बुचकळून आत कोंबली होती, वरून लाल रंगाचे तीन हात. पावसाचं पाणी पिऊन ते सगळं कुजलं होतं. ओढून काढलं तशी मेलेल्या घुशीसारखी घाण सुटली. मी बाहेर जाऊन ओकलो. ओकतानाच आठवलं, त्या रंगावर पॉलिशचं फडकं मीच फिरवलं होतं आणि आपलं तोंड त्यात दिसतं म्हणून खूश झालो होतो.

बॉडी चासीवरून उचलली तो दिवस तू विसरला नसशील. तू म्हणालास, उघडी गाडी आहे, वर छत नाही, दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड केल्याशिवाय उचलू नका, बॉडी मधे दबेल. मालकांना घाई होती. अण्णांना गाडी बंगळूरला जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत न्यायची होती. सहा जणांनी नुसत्या हातांनी उचलली, आणि परत बसवली तर डावं दार लागेना. मालकांनी बॉडीकडे बघितलंसुद्धा नाही. चासीच वाकडी आणि बॉडी बसवण्याआधी तू काढलेलं माप चुकलं, असं ठरवून मोकळे झाले.

बॉडी पुन्हा उतरवली, तेव्हा तू लोखंडी घोड्यांवर टेकवलेल्या चासीला तुझी दोरी लावलीस. पुढच्या उजव्या बोल्टपासून मागच्या डाव्या बोल्टपर्यंत, मग दुसरी तिरपी. घोंगडं मागावरून उतरलं की तुझी आई बाणूबाई कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून बघते, अगदी तसं. दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या की घोंगडं कुठे ओढलेलं नाही. मालक काय बोलले ते मला शब्दासकट आठवतं. “घोंगडं मोजायलास का गाडी रे? मेंढरं राखायला जा की तुझ्या गावाला, निर्ण्याला!” सगळे हसले. मीही हसलो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “महांतेश, तू नववीपर्यंत शिकल्यालास न्हवं? तू काढ माप.”

मी आपल्या गॅरेजात सगळे काढायचे तसंच माप काढलं. बोल्टातून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने फुली मारली आणि फुलीपासून फरशीच्या सांध्यापर्यंत पट्टी धरली. उभा सांधा ही गाडीची मधली रेघ, आडवा सांधा ही पुढची. शहाबादी फरशीचा सांधा म्हणजे सरळच, हे आपल्याकडे कुणी तपासत नाही. घरात पानं मांडतानासुद्धा सांधा बघून मांडतात. डावी बाजू पाच सूत, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त, पुढे निघाली. तो आकडा मी चांगल्या अक्षरात कागदावर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि मालकांना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला काढलं. त्यानंतर दोन दिवसांनी साखळी आणि जॅक लावून आम्ही चासी पाच सूत मागे ओढली. दार कसंबसं लागलं. उरलेली फट पुट्टीने भरली.

या जूनमध्ये गॅरेजातली फरशी खचली म्हणून ज्ञानोबा गवंड्याला बोलावलं होतं. त्याने जुन्या सांध्यावर काटकोन तपासायचा गुण्या ठेवला आणि हसतच सुटला. “कुण्या येड्यानं बसीवली रे ही? आडवा सांधा रस्त्याकडच्या भिंतीसंगं गेलाय, अन् रस्ताच तिरका. ह्याला जन्मात गुण्या दावला न्हाई!” मी हातातला पाना ठेवून त्याच्याशेजारी बसलो. चासीच्या रुंदीएवढ्या अंतरात सांधा किती सरकतो ते मोजलं. पाच सूत. पुन्हा मोजलं. पाचच.

मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी पानाची पिचकारी नव्या फरशीवर, माझ्या पायापाशी मारली आणि म्हणाले, “मला काय आज कळायलंय व्हय ते? गाडी गेली, विषय मिटला. तू कामून उकरायलास?”  त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी ते तुला बाजारात चोरासारखं फिरू देत होते.

आणि विषय मिटलेला नव्हताच. गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावायची, दोन महिन्यांत टायर एका अंगाने खायची. अण्णांनी ती आणखी तीन गॅरेजांत दाखवली. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, पहिल्या मोजणाऱ्याने घाण केली. पहिला मोजणारा म्हणजे तू. गाडी जिथे जाईल तिथे तुझं नाव मातीत घालत होती.

मी गॅरेज सोडलं. हुमनाबादला अण्णांच्या डाळमिलवर येऊन त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मग आता सरळ कोन करनार?” गाडी सध्या मिलच्या शेडमध्ये आहे. इथली जमीन सिमेंटची आहे, तिला सांधा नाही. दाराच्या चौकटीत सळया वेल्ड करून मगच बॉडी उतरवली, तू सांगितलं होतंस तशी. चासीच्या दोन तिरप्यांत आज साडेनऊ सुतांचा फरक आहे; पाच सूत ओढलं की एक तिरपी वाढते आणि दुसरी घटते, म्हणून जवळजवळ दुप्पट. तो आम्ही आमच्या हाताने घातलेला.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. फरशी तिरकी होती हे मला यंदा कळलं. तू बरोबर होतास हे मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तू गेलास त्याच दुपारी सगळे जेवायला बाहेर पडले होते. तुझी दोरी खिळ्यावर राहिली होती. मी ती काढली, एक टोक बोल्टला बांधलं आणि दोन्ही तिरप्या बघितल्या. एका सुताचाही फरक नव्हता. चासी ओढायला अजून दोन दिवस होते, आणि मी बोललो नाही, कारण तुझी जागा मला मिळाली होती. साखळी बांधायला पुढे झालो तोही मीच. वर गोणपाटाच्या वासाने ओकलो असं लिहिलं आहे, पण वास इतका वाईट नव्हता. सोबत एक कागद आहे. त्यात दोन्ही मापं, फरशीची चूक आणि मी गप्प बसलो तेही लिहिलं आहे. खाली माझी सही, बाजूला सोमशेखर अण्णांची. तो कुठल्याही गॅरेजात दाखव. चासीला मी अजून साखळी लावलेली नाही, तुझ्याशिवाय लावणार नाही. मला माफ कर असं म्हणत नाही. तुझी दोरी तीन वर्षं माझ्या पेटीत आहे. ती घ्यायला तरी ये.

तुझाच म्हणवून घेऊ की नको, ते तू येऊन सांग.
महांतेश