शिवणाच्या डब्यातल्या गोळ्या

तीर्थरूप आईस,

पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबांचा खोकला थांबला का?

लॅबमध्ये सध्या माझ्याकडे लघवीचे नमुने आहेत. काचेच्या ताटलीत पसरायचे, उबेला ठेवायचे आणि सकाळी काय उगवलंय ते बघायचं. नाक मुरडू नकोस! मॅडम सांगतात, आपल्या अंगात चांगले जंतूही राहतात, घरच्या माणसांसारखे. ते असले की आतड्यातल्या वाइटांना लघवीच्या वाटेवर सहज पाय रोवता येत नाही. सारख्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या की हे चांगलेही मरतात. मग रिकाम्या घरात नको ते शिरतं.

तू फोनवर म्हणालीस, पुन्हा जळजळ होतेय, पण शिवणाच्या डब्यात चार गोळ्या सापडल्यात. आई, त्या घेऊ नकोस. उद्याच लघवी तपासून घे. डॉक्टर देतील त्या गोळ्या पुऱ्या संपव. लाजत बसू नकोस, ताईही लाजलीच होती. दुखणं किडनीपर्यंत गेलं, तेव्हा बोलली.

ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी रोज ताटलीचं झाकण उघडताना मला तीच दिसते. बरं वाटलं की गोळ्या थांबव, उरलेल्या पुढच्या वेळेला ठेव, हे तिला मीच सांगितलं होतं. तुला आजवर बोलले नाही.

शिवणाचा डबा तिचाच ना गं?

तुझी,
धाकटी