बार्लीचा पट्टा

कॅल्गरी,
१९ ऑक्टोबर

प्रिय आर्विडदादा,

तुझं पत्र आणि मुरंब्याची बरणी मिळाली. इथे सगळं ठीक. पहिला बर्फ पडून गेला. तुझी कापणी त्याआधी उरकली हे वाचून बरं वाटलं. गुडघा कसा आहे?

नवीन पिल्लाला बार्लीचाच पट्टा घालायचा, म्हणून तू तो पुन्हा शोधायला सांगितलंस. एप्रिलमध्ये मी तो हरवल्याचं कळवलं होतं. तो हरवलेला नाही. एमआरआयच्या चुंबकापाशी लोखंड चालत नाही, म्हणून मीच तो काढून कोटाच्या खिशात ठेवला होता. सहा महिने तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. खण उघडला की बिल्ला वाजतो, आणि मी खाली पायाशी बघते.

त्या दिवशीचं तू अजून सगळ्यांना सांगतोस म्हणे: "माझ्या गुडघ्याच्या एमआरआयला आठ महिने थांबा म्हणतात, आणि हा लेकाचा मंगळवारी थेट आत." तू बाहेर गाडीत हीटर लावून बसला होतास. आत पडद्यावर, औषध टोचल्यावर, बार्लीच्या मेंदूत उजवीकडे एक पांढरं कडं उजळलं. आमची मेंदूची डॉक्टर लोर्ना म्हणाली, "गाठच वाटते. तरी पाठीतलं पाणी काढून तपासू या का?"

मी म्हटलं, "बॉक्सर आहे, सात वर्षांचा. या जातीत गाठच असते. कशाला उगाच सुई?"

मग तुला फोन केला. तू विचारलंस, "सोल, नक्की?"

वीस वर्षं कुत्र्यांची अशी चित्रं वाचताना मी प्रत्येक मालकाला सांगत आले, की चित्रावरून खात्री देता येत नाही, सूजही अशीच दिसते. तुला म्हटलं, "नक्की."

"मग भुलीतून उठवू नका त्याला. मी येतो." आत येऊन तू त्याचा पंजा धरलास. म्हणालास, "कधी नव्हे तो शांत पडलाय बघ, गधडा."

आईच्या वेळी अकरा महिने तू आशा धरून बसलास, ते मी पाहिलं होतं. ते पुन्हा नको वाटलं. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, हे मी रोज वहीत लिहून बघते. एकही उत्तर दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

तो गेल्यावर केलेल्या मेंदूच्या तपासणीचा कागद तीन आठवड्यांनी आला. गाठ नव्हती, सूज होती. अशी काही कुत्री गोळ्यांवर वर्ष-दोन वर्षं जगतात, सगळी नाही. बार्ली त्यातला होता का, मला माहीत नाही. लोर्ना म्हणाली, "भावाला तू सांगशील ना?" मी हो म्हटलं, आणि कागद पट्ट्याखाली ठेवला.

आणि तू दर पत्रात लिहितोस, "तू त्याला सोडवलंस."

त्याची चित्रं मी अजून उघडते. एकात श्वासामुळे कडा जराशी हललेली आहे. तिथून पुढे जात नाही मी.

पट्टा आणि कागद सोबत पाठवते आहे. कागद आधी वाच. मुरंब्याची बरणी उघडलेली नाही.

तू विचारलं होतंस, दादा. नक्की नव्हतं.

सोल